धरणाखालच्या नदीची नोंद

गारगाई नदीवर धरण बांधून मुंबईला रोज ४४० एमएलडी पाणी द्यायचं, असं योजनेच्या कागदावर आहे. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे हे झाले ४४ कोटी लिटर. पाणीपुरवठ्याच्या बैठकांमध्ये हा आकडा सर्रास ऐकू येतो. नदीत उतरून काम करणाऱ्याला तो वेगळ्या मापात मांडावा लागतो, कारण पात्रातलं पाणी आम्ही सेकंदाच्या हिशेबाने मोजतो. ४४० एमएलडी म्हणजे सेकंदाला सुमारे पाच हजार लिटर, दिवसरात्र, बाराही महिने.

वाडा तालुक्यात ओगदा गावाजवळ हे धरण व्हायचं आहे. तिथल्या पात्रात मी एप्रिलमध्ये उभी राहिले आहे. तेव्हा दगडांवर पाय देत, घोटा न भिजवता पलीकडे जाता येतं. प्रवाह तुटलेला असतो, डोह तेवढे उरतात. सेकंदाला पाच हजार लिटर पाणी या नदीत उन्हाळ्यात नसतंच. शहराला मिळणार आहे ते पावसाळ्याचं पाणी. ते धरणात अडवायचं, बोगद्यातून वैतरणा नदीवरच्या मोडक सागर जलाशयात सोडायचं आणि तिथून पुढे मुंबईला न्यायचं.

मग हे पावसाळ्यातलं पाणी आज नदीत, काठावर आणि खाडीत कोणतं काम करतं? ते काढून घेतलं तर त्या कामाचं काय होईल? पर्यावरणीय परीक्षणाने या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. गोड्या पाण्यातले मासे आणि नदीच्या तळाशी राहणारे लहान जीव हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्या निमित्ताने, गारगाई जिला मिळते त्या वैतरणेच्या खोऱ्यात आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या इतर नद्यांवर अनेक वर्षं पाहणीपथकांबरोबर फिरले. या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं. शहराच्या पिण्यासाठी नदी वळवायची असेल, तर तिची तपासणी इतर कुठल्याही योजनेपेक्षा कडक हवी. आपल्याकडे नेमकं उलट आहे. सर्वांत कमी प्रश्न विचारले जातात ते याच योजनांना.

याचं मूळ कायद्यात आहे. कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागेल, याची यादी केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत दिलेली आहे. त्यात नदीखोरे प्रकल्पांची नोंद आहे, पण ती जलविद्युत आणि सिंचनाच्या प्रकल्पांपुरती. विजेची क्षमता किती मेगावॅट, सिंचनाखाली किती हेक्टर, यावर मंजुरीची पायरी ठरते. फक्त पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं धरण या यादीत नाही. भिंत तेवढीच उंच असो, जंगल तेवढंच बुडो, गावं तेवढीच उठोत, पाणी प्यायला न्यायचं आहे म्हटलं की ही मंजुरी लागत नाही. मंजुरी लागत नाही म्हणून जनसुनावणीही होत नाही. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी समोर बसलाय, अहवालाचा सारांश मराठीत आधीच गावात पोचलाय आणि माणसं उभी राहून प्रश्न विचारतायत, हा प्रसंगच अशा योजनेच्या वाट्याला येत नाही.

गोव्यातल्या आणि खानापूर तालुक्यातल्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक आहे. म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडला नेण्याची कळसा-भंडुरा योजना पिण्याच्या पाण्यासाठी आहे, त्यामुळे तिला पर्यावरणीय मंजुरीची गरज नाही, असं पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिलं होतं. गोव्यातून जोरदार विरोध झाल्यावर डिसेंबरात ते स्थगित केलं गेलं. एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात जाणार, पश्चिमेला वाहणारी नदी पूर्वेकडे वळणार, आणि खालच्या राज्याच्या खाडीवर काय परिणाम होईल हे पाहण्याची सक्ती मात्र कुणावरच नाही. मी त्या योजनेवर काम केलेलं नाही. पण ते पत्र वाचलं तेव्हा आमच्या पालघर जिल्ह्यातल्या योजनांचं चित्र लख्ख डोळ्यांपुढे आलं.

पर्यावरणीय मंजुरी नसली तरी इतर कायदे उरतात. जंगल जाणार असेल तर वन संवर्धन कायदा, अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा. गारगाईचं बुडीत क्षेत्र तानसा अभयारण्यात येतं, त्यामुळे या दोन्ही मंजुऱ्यांसाठी अभ्यास करावे लागतात. आमच्यासारख्यांची पथकं जातात ती याच वाटेने. कुणी झाडं मोजतं, कुणी बिबट्याच्या पाऊलखुणा शोधतं, कुणी पक्ष्यांची यादी करतं. हे सगळं मोलाचं आहे. कैक वर्षं नामशेष मानलेला रानपिंगळा याच तानसाच्या जंगलात २०१४ मध्ये दिसला, यावरून या जंगलाची किंमत कळावी. इथे शेकडो हेक्टर वनजमीन आणि लाखो झाडं पाण्याखाली जायची आहेत. सहा गावं पूर्णपणे किंवा अंशतः बाधित होणार आहेत. त्यांची नोंद व्हायलाच हवी.

अडचण ही की या अभ्यासांची हद्द बुडिताच्या रेषेपाशी संपते. धरणाच्या भिंतीच्या वर काय बुडेल हे आम्ही तपशीलवार लिहितो. भिंतीच्या खाली नदीचं काय होईल हे विचारणारा रकानाच नमुन्यात नसतो. आणि माझा विषय, म्हणजे मासे आणि पाणी, हा तर मुख्यतः भिंतीच्या खालचा.

दुसरी अडचण ऋतूची. पाहणीचा करार होतो, तेव्हा मुदत कमीत कमी धरलेली असते. एका कामात सल्लागार कंपनीने आम्हाला फक्त हिवाळ्याचा काळ दिला होता. जंगलात फिरायला तो सोयीचा असतो. रस्ते कोरडे, गवत खाली बसलेलं, प्राणी पाणवठ्याकडे येऊ लागलेले. नदीसाठी मात्र जानेवारी हा वर्षातला सर्वांत कमी बोलका महिना. पूर ओसरून गेलेला असतो आणि उन्हाळ्याची ओढ अजून लागलेली नसते. आम्ही पात्रावर आडवी टेप बांधायचो, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खोली मोजायचो, पृष्ठभागापासून खोलीच्या सहादशांश अंतरावर करंट मीटर धरून वेग नोंदवायचो. दगड उलटून त्यांना चिकटलेल्या अळ्या पाहायचो. स्वच्छ, खळाळत्या पाण्यातच जगणाऱ्या किड्यांच्या अळ्या सापडल्या की नदीची तब्येत चांगली आहे असं लिहायचो. ते खरंच असायचं. पण तो नदीच्या वर्षातला एक तुकडा होता.

त्याच सुमारास काठावर पाग टाकणारे एक काका रोज आमचं काम पाहत बसायचे. एका दुपारी ते म्हणाले, ‘बाय, आता काय मोजतेस? पहिला पाऊस लागू दे, मंग ये. वलगण चढंल तवा बघ नदी.’

वलगण म्हणजे काय हे ठाणे, पालघर, रायगडच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या जोरदार पावसाने ओढे-नाले फुगले, गढूळ पाणी शेतांतून नदीत यायला लागलं की मासे प्रवाहाच्या उलट्या दिशेने चढतात. अंडी घालायला त्यांना उथळ, नवं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी हवं असतं, आणि ते ओहोळांत आणि भाताच्या खाचरांत मिळतं. दोन-चार दिवसांचा खेळ, पण त्या वर्षीची सगळी पिढी त्यावर ठरते. चढण्याचा इशारा मिळतो तो पाण्याच्या अचानक वाढीतून, गढूळपणातून आणि तापमानातल्या बदलातून. धरण झालं की पहिले काही आठवडे सगळा पाऊस जलाशय भरण्यात जातो. खालच्या नदीत पूर उशिरा येतो, कमी येतो किंवा एकदम सांडव्यावरून येतो. माशांना इशारा मिळत नाही, किंवा चुकीच्या वेळी मिळतो. भिंतीपर्यंत पोचलेले मासे भिंतीशीच थांबतात.

त्या काकांचं ऐकून पुढच्या कामांमध्ये मी जूनची पाहणी मागायला लागले. कधी मिळाली, कधी स्वतःच्या वेळात जाऊन केली. पहिल्या पावसात त्या नद्यांवर उभं राहिल्यावर जे दिसतं ते जानेवारीच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. मुरी, शिंगाडा, खवली असे मासे हातभर पाण्यातून उसळ्या घेत वर जाताना दिसतात. काठावर सगळा पाडा जमलेला असतो. कातकरी, वारली, ठाकूर, मल्हार कोळी घरांमध्ये त्या आठवड्यात जेवणात मासे असतात, आणि उरलेले सुकवून पुढच्या महिन्यांसाठी ठेवतात. पेरणीच्या तोंडावर घरातलं धान्य संपत आलेलं असतं, तेव्हा पोटाला आधार देणारं हे अन्न आहे. कोणत्याही बाजारभावाच्या नोंदीत ते दिसत नाही, त्यामुळे नुकसानभरपाईच्या हिशेबातही येत नाही.

माशांचा प्रवास एकाच दिशेचा नसतो. वाम मासा आयुष्याचा मोठा काळ नदीत काढतो आणि अंडी घालायला समुद्राकडे जातो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला पिल्लं वाढवायला मचूळ पाणी लागतं, म्हणून ती पावसाळ्यात खाडीकडे उतरते. जिताडा खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात. म्हणजे वाड्याच्या डोंगरात होणाऱ्या धरणाचा संबंध थेट दातिवरे-अर्नाळ्याच्या मुखाशी लागतो. नदीबरोबर खाडीपर्यंत चालत जाऊन पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि अभ्यासाच्या नकाशात खाडी नसते.

पावसाळ्यातलं पाणी समुद्रात वाया जातं, असं अभियंत्यांच्या तोंडून मी असंख्य वेळा ऐकलं आहे. या माणसांबद्दल मला आदर आहे. शहराला पाणी पोचवण्याची जबाबदारी ते प्रामाणिकपणे पार पाडतात. पण हे विधान चुकीचं आहे. पुराचं पाणी गाळ खाली आणतं, त्यातून काठावरची भातजमीन आणि खाडीतला चिखल पोसला जातो. ते खाडीत शिरलेलं खारं पाणी मागे रेटतं. काठावरच्या विहिरी त्याच पाण्याने भरतात. गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की भरतीचं पाणी आणखी आत येतं आणि खाडीलगतच्या गावांत विहिरींचं पाणी मचूळ होतं. वैतरणेच्या मुखाजवळच्या गावांत माणसं याबद्दल बोलतात ते तक्रारीच्या सुरात नव्हे, तर झालेल्या बदलाची हकिगत सांगावी तसं. पूर्वी या विहिरीचं पाणी गोड होतं, आता जनावरांनाच पाजतो, असं. रेतीउपसा, बांध फुटणं अशी इतर कारणंही त्यामागे आहेत. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे शोधणं हेच तर परीक्षणाचं काम असायला हवं.

वैतरणेचा इतिहास पाहिला की हा प्रश्न एका धरणाचा नाही हे लक्षात येतं. मुंबईने आधी शहराजवळचं पाणी वापरलं, १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी. १८९२ मध्ये तानसा आलं आणि शहर वैतरणेच्या खोऱ्यात पोचलं, कारण तानसा ही वैतरणेचीच उपनदी. १९५७ मध्ये मुख्य वैतरणेवर मोडक सागर झालं, १९७३ मध्ये वरची वैतरणा, २०१४ मध्ये मधली वैतरणा. भातसा धरणाचं पाणी धरून आज मुंबईला रोज ३,८०० एमएलडीच्या वर पाणी मिळतं. मोडक सागराच्या खाली पावसाळा सोडला तर वैतरणेला जिवंत ठेवतात त्या तिच्या उपनद्या. त्यांतल्या सूर्येवर धामणीचं धरण आहे. देहर्जेवर शहरी पाण्यासाठीच धरणाचं काम सुरू आहे. उरल्या गारगाई आणि पिंजाळ. मुंबईच्या भविष्यातल्या गरजेसाठी डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९४ मध्ये मधली वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ असे तीन स्रोत सुचवले होते. त्यांतला पहिला पूर्ण झाला. गारगाईची योजना २०२० मध्ये राज्य सरकारने बाजूला ठेवली आणि मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प पुढे आणला. नंतर गारगाई पुन्हा वर आली. पिंजाळचं ८६५ एमएलडी आणि दमणगंगेचं पाणी बोगद्यांतून पिंजाळमध्ये आणण्याची नदीजोड योजना रांगेत आहेत.

म्हणजे एका नदीच्या एकेका फांदीवर एकेक धरण येतंय. प्रत्येकाचा अभ्यास स्वतंत्र, आणि प्रत्येक अहवाल खाली आणखी उपनद्या आहेतच असं गृहीत धरतो. गारगाईचा अहवाल पिंजाळच्या भरवशावर, पिंजाळचा देहर्जेच्या, देहर्जेचा सूर्येच्या. सगळ्यांची बेरीज करून खाडीपाशी किती पाणी उरेल, ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही, कारण ती कुणाच्याच कामाच्या व्याप्तीत नसते. एका बैठकीत मी हा मुद्दा काढला तेव्हा उत्तर मिळालं की इतर धरणं वेगळ्या यंत्रणांची आहेत. नदीला मात्र यंत्रणांच्या हद्दी नसतात. तिच्या मुखाशी या सगळ्यांचा परिणाम एकत्रच पोचतो.

धरणातून खाली किती पाणी सोडायचं, याला आम्ही पर्यावरणीय प्रवाह म्हणतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेसाठी केंद्राने असा किमान प्रवाह ठरवून दिला. गंगेच्या वरच्या टप्प्यात ऋतूनुसार मासिक सरासरी प्रवाहाच्या २० ते ३० टक्के पाणी सोडणं बंधनकारक केलं. कोकणातल्या नद्यांवर बोलताना आम्ही त्याचाच दाखला देतो. पण आमच्या नद्यांचा स्वभाव वेगळा. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि उन्हाळ्यात मूळ नदीतही प्रवाह जवळजवळ नसतो. इथे उन्हाळ्यात थोडं पाणी सोडून भागत नाही. जूनमधला पहिला पूर, जुलै-ऑगस्टमधले एक-दोन मोठे लोट आणि ऑक्टोबरनंतर डोह भरलेले राहतील एवढी हळूहळू ओसरती धार, असा वर्षभराचा क्रम ठरवून सोडावा लागेल. हे शक्य आहे. त्यासाठी धरणाच्या आराखड्यातच तळाशी पुरेशा क्षमतेचं दार ठेवावं लागतं. भिंत उभी राहिल्यावर असं दार जोडणं फार अवघड असतं. म्हणून मासे आणि पाणी जाणणाऱ्या माणसांना आराखडा होण्याआधी बोलवायला हवं, आणि तसं होत नाही. आम्हाला बोलावतात तेव्हा भिंतीची उंची ठरलेली असते.

गावांतल्या सभा हा या कामाचा सर्वांत कठीण भाग. वाडा आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. जमीन घेण्याआधी तिच्याशी सल्लामसलत व्हायला हवी, आणि वनहक्कांचे दावे निकाली निघायला हवेत. प्रत्यक्षात सभेपर्यंत पोचतो तो पुनर्वसनाचा प्रश्न. घर कुठे, जमीन किती, पैसे कधी. माणसाला उठवायचं तर हे प्रश्न पहिले असणारच. पण अशाच एका सभेत मागच्या बाजूला बसलेल्या एका बाईंनी वेगळा प्रश्न विचारला. त्यांचं गाव बुडितात नव्हतं, ते भिंतीच्या खाली होतं. त्या म्हणाल्या, ‘आमाला उठवत नाय तुमी. पण नदी बंद झाली तर आमची हीर भरंल का? आमच्याशी कोण बोलतंय?’ सभेतल्या अधिकाऱ्याने त्यांना सांगितलं की तुम्ही प्रकल्पबाधित नाही. कायद्याप्रमाणे ते बरोबर होतं. मी माझ्या वहीत त्यांचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला आणि अहवालात घातला. अंतिम प्रतीत तो नव्हता.

त्यानंतर मी प्रत्येक कामात धरणाखालच्या गावांतल्या नदीकाठच्या विहिरींची पातळी महिन्या-महिन्याने नोंदवण्याचा आग्रह धरते. गावातल्या शाळेतली मोठी मुलं दोरी आणि टेप घेऊन हे काम उत्तम करतात. धरण झालं तर पुढे तुलना करायला आधीचा आकडा असतो, आणि तो गावाच्या ताब्यात असतो. ज्यांना बाधित म्हणून मोजलं जात नाही, त्यांच्या हातात निदान पुरावा राहतो.

आता नळाच्या टोकाबद्दल. मी मुंबईत राहते. वैतरणेचं पाणी पिते. शहराची तहान खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. इथे अशा वस्त्या आहेत जिथे बाया पहाटे उठून पाणी भरतात आणि पिंपामागे पैसे मोजतात. त्यांना पाणी मिळालंच पाहिजे. पण त्यांना पाणी मिळत नाही याचं कारण शहरात पाणी नाही हे आहे का, हेही परीक्षणाने तपासायला हवं. अहवालांमध्ये पर्यायांचं विश्लेषण असं एक प्रकरण असतं. माझ्या अनुभवात सर्वांत पातळ प्रकरण तेच. धरणाची जागा थोडी वर की थोडी खाली, यापलीकडे ते जात नाही.

मुंबईच्या पुरवठ्यातला पाव हिस्सा गळती, चोरी आणि मीटरबाहेरचा वापर यांत जातो असं सावधपणे धरलं, तरी ते रोज ९०० एमएलडीच्या वर होतं, म्हणजे गारगाईच्या दुप्पट. सगळी गळती थांबवता येणार नाही. चोरीचं म्हणून धरलेलं पाणीही शेवटी कुणीतरी पितंच. तरी जुन्या जलवाहिन्या बदलून त्यातलं किती वाचेल, किती वर्षांत आणि किती खर्चात, हा हिशेब धरणाच्या हिशेबाशेजारी मांडायला हवा. शहर जेवढं पाणी वापरतं त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. वरळी, धारावी, भांडुपसह सात ठिकाणी मिळून २,४६४ एमएलडी क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहात आहेत. त्यातलं शुद्ध झालेलं पाणी बागा, बांधकामं, कारखाने आणि शौचालयांसाठी वापरलं, तर पिण्याच्या पाण्यावरचा किती भार उतरेल? समुद्राचं पाणी गोडं करायला वीज लागते, त्यातून उरणारं अतिखारट पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न असतो. तोही प्रामाणिकपणे मांडावा. सगळे पर्याय एका तराजूत तोलल्यावरही धरणच बांधावं लागेल असं दिसलं, तर मी ते मान्य करीन. आज तराजूत एकच पारडं असतं.

तराजूत आणखी एक गोष्ट यायला हवी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ ते १५० लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटर धरलेले आहेत. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत आणि ज्या मोखाड्याजवळ मधली वैतरणा आहे, तिथल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कित्येक ठिकाणी जलाशय डोळ्यांसमोर असतो आणि हंडा घेऊन डोंगर उतरावा लागतो. नव्या योजनेच्या पहिल्या पानावर या पाड्यांना किती पाणी मिळणार हे लिहिलेलं असावं, आणि ते पाणी शहराच्या आधी सुटावं, अशी अट परीक्षणाने घालायला काहीच हरकत नाही.

आता कडक तपासणीच्या मुद्द्याकडे येते. ती का हवी, याचं उत्तम उदाहरण सूर्या प्रकल्प आहे. डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतली सुमारे १४,७०० हेक्टर शेती भिजवण्यासाठी तो आखला गेला. आदिवासी शेतकऱ्याला दुबार पीक मिळावं, स्थलांतर थांबावं, हा हेतू. पुढे या पाण्यातला मोठा वाटा शहरांकडे गेला. आता ४०३ एमएलडीची योजना त्यावर आहे. त्यातले १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. मेंढवणखिंडीत आणि तुंगारेश्वराखालून बोगदे खणून हे पाणी नेलेलं आहे. पालघरच्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला. वसई-विरारमधल्या लाखो माणसांची गरज खरी होती हेही तितकंच खरं. पण यातून एक गोष्ट ठळकपणे शिकायला मिळते. पाणी शहराकडे गेलं की ते परत येत नाही. शेतीचं पाणी शहराला देता येतं, कारखान्याचं पाणी दुष्काळात बंद करता येतं, विजेसाठी सोडलेलं पाणी बहुतेकदा खालच्या नदीलाच मिळतं. शहराच्या नळाला जोडलेलं पाणी मात्र कोणतंही सरकार, कोणतंही न्यायालय काढून घेऊ शकत नाही. त्या पाण्याच्या भरवशावर इमारती उठतात, माणसं येऊन राहतात, मुलं जन्माला येतात. चूक झाली होती असं वीस वर्षांनी कळलं, तरी ती दुरुस्त करायला जागा उरलेली नसते. बोगद्याचं झाकण उघडं राहतं, कारण पलीकडे तहानलेली माणसं असतात.

म्हणून या योजनांची तपासणी आधीच, आणि सगळ्यांत कसून व्हायला हवी. पिण्याच्या पाण्याला नैतिक अग्रक्रम आहे. तो अग्रक्रम प्रश्न टाळण्याची सवलत होऊ शकत नाही. ज्या निर्णयाला परतीचा रस्ता नाही, त्याची जाण्याची वाट सर्वांत बारकाईने पाहायची असते.

त्यासाठी काय लागेल हे मला नदीवर काम करून ठाऊक झालं आहे, आणि त्यात अशक्य काहीच नाही. २००६ च्या अधिसूचनेत पिण्याच्या पाण्याची मोठी धरणं आणि खोरं बदलणाऱ्या योजना आणाव्यात, म्हणजे जनसुनावणी आपोआप येईल. अभ्यास किमान एका पूर्ण वर्षाचा असावा आणि त्यात पहिल्या पावसाचे आठवडे असलेच पाहिजेत. अभ्यासाची हद्द बुडितापासून खाडीच्या मुखापर्यंत आणि तिथून शहरातल्या नळापर्यंत असावी. वैतरणेसारख्या खोऱ्यात एकेका धरणाचा वेगळा अहवाल न करता सगळ्या खोऱ्याचा एकच एकत्रित अहवाल व्हावा. खालच्या गावांना बाधित म्हणून मोजावं. पाणी सोडण्याचा वार्षिक क्रम परवानगीच्या अटीत लिहावा आणि रोज सोडलेल्या पाण्याचा आकडा धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

पिंजाळचा अभ्यास पुढे सरकेल तेव्हा कुणी मला बोलावलं तर मी जाईन. जानेवारीत नाही, जूनपासून काम सुरू करायचं या अटीवर. आणि पहिली पाहणी धरणाच्या जागेवर नसेल. ती दातिवऱ्याच्या खाडीत असेल, तिथून आम्ही नदीने वर येऊ, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात विहीर कधी भरते हे विचारत येऊ. शहराला पाणी द्यायचं की नाही हे ठरवणारी माणसं मग जो निर्णय घेतील, तो त्यांनी त्या गावांची उत्तरं समोर ठेवून घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.